एक जॉबकार्ड, तीन नकार

गाडी दुरुस्तीला देताना तक्रारी लिहून घेतात त्या जॉबकार्डाच्या तळाशी शोरूमच्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरनं बॉलपेननं एकच ओळ लिहिली होती: "बाहेरचे पार्ट्स आढळले. वॉरंटी लागू नाही." तक्रारी तीन होत्या आणि ओळ एक, सगळ्यांना मिळून. पुढची हकीकत म्हणजे त्या ओळीचे तीन तुकडे कसे केले ते. त्यातला एक तुकडा शेवटी शोरूमच्याच बाजूनं पडला, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे ग्राहकाच्या विजयाची कहाणी वाचायला कुणी बसलं असेल तर त्याची निराशा लवकर उरकेल.

गाडी टर्बो पेट्रोल (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा), लहान एसयूव्ही, एमएच-०९ पासिंग. २०२३ च्या पाडव्याला घेतलेली. वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी होईल ते. मालकांचं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथचं शॉप आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमधून आलेल्या कास्टिंगचं मशिनिंग करून देतात. मी गाड्यांच्या नुकसानीची पाहणी करतो. मला बोलावलं ते भांडायला नव्हे, कागद बघायला.

जुलै २०२५ मध्ये गाडी वर्कशॉपला लागली तेव्हा मीटरवर साडेअठ्ठावीस हजार होते. पहिली तक्रार इंजिनाची: शिट्टीसारखा आवाज, चढाला ओढ कमी, सकाळी स्टार्ट मारला की सायलेन्सरमधून निळसर धूर. दुसरी, डावा हेडलाइट बंद, आणि तेव्हापासून इंडिकेटर नि वायपर आपल्या मर्जीनं चालायला लागलेले. तिसरी, एसी गार होत नाही. गॅस भरला की पंधरवडाभर टिकतो, पुन्हा तेच.

बाहेरच्या वस्तूही तीनच निघाल्या. वीस हजारांची सर्व्हिस ओळखीच्या मिस्त्रींकडे झाली होती, ऑइल नि ऑइल फिल्टर बाजारातून आणलेला. हेडलाइटला १००/९० वॅटचे बल्ब. डॅशबोर्डवर मोठा टचस्क्रीन. अ‍ॅडव्हायझरनं तिन्हींचे फोटो काढले, टर्बो असेंब्लीसकट सव्वा लाखाच्या पुढचं एस्टिमेट हातात ठेवलं आणि वरची ओळ लिहिली. मालकांचा प्रश्न साधा होता, "साहेब, फिल्टर बदलला म्हणून एसी कसा बिघडतोय ओ?"

तो प्रश्न इतका बरोबर होता की पुढचं सगळं काम त्याच्यावरच उभं राहिलं.

कायदा कुठला लागतो

मालकांच्या भाच्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक मेसेज प्रिंट काढून आणला होता. बाहेरचा पार्ट लावला म्हणून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही, तसा १९७५ चा कायदा आहे, असं त्यात ठणकावून लिहिलेलं. कायदा खरा आहे, मॅग्नसन-मॉस त्याचं नाव, पण तो अमेरिकेचा. आमचाच पार्ट, आमचीच सर्व्हिस अशी अट वॉरंटीला जोडायला तो तिथल्या कंपन्यांना मनाई करतो. कोल्हापूरच्या ग्राहक आयोगापुढे तो काढून दाखवला तर समोरचे वकील पाणी प्यायचं निमित्त करून हसून घेतील. प्रिंट फाइलमधून काढायला लावली.

आपल्याकडे उपयोगी पडतो तो भारतीय स्पर्धा आयोगाचा २५ ऑगस्ट २०१४ चा आदेश. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणं, स्वतंत्र गॅरेजांना माहिती न देणं, यावरून आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड लावला होता. त्याच आदेशात वॉरंटीबद्दल स्पष्ट निर्देश आहे: गाडी बाहेर दुरुस्त केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणानं तीन कंपन्यांच्या बाबतीत दोष कायम ठेवून दंडाची रक्कम कमी केली आणि वाद आणखी वर गेला. त्यामुळे हा आदेश सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरच्या टेबलावर आपटून काम होईल अशा भ्रमात राहू नये. पत्रात त्याचा उल्लेख केला की कंपनीच्या कायदा विभागात कुणीतरी कागद उघडतो, एवढा उपयोग नक्की होतो.

खरं हत्यार गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात असतं आणि बहुतेकांनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरही काढलेलं नसतं. वॉरंटी पुस्तिका. या गाडीच्या पुस्तिकेत कंपनीच्या नसलेल्या सुट्या भागांमुळे किंवा फेरफारामुळे उद्भवलेला बिघाड वगळला होता. बाहेरचा भाग बसवला की सगळी वॉरंटी संपली, असं कुठेही छापलेलं नव्हतं. म्हणजे प्रत्येक बिघाडाला वेगळं विचारावं लागणार: हा त्या भागामुळे झाला का? आणि वगळण्याचं कलम कंपनी पुढे करत असेल तर संबंध दाखवायचं कामही तिचंच. नियमित सर्व्हिस कशी करावी याबद्दल पुस्तिकेत एक अट होती: ठरलेल्या अंतराला, ठरलेल्या ग्रेडच्या ऑइलनं, नोंदीसह. तिच्याकडे नंतर येतो, कारण खरी फजिती तिथेच व्हायची होती.

कंपनीच्या ग्राहक विभागाला मेल गेला तो तीन स्वतंत्र तक्रारींचा. प्रत्येकीखाली तेच विचारलं होतं: कोणता बाहेरचा भाग, त्यानं हा बिघाड कसा झाला, आणि पुस्तिकेतलं कोणतं कलम. लेखी उत्तर द्यावं. मेलच्या आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवून तिचा क्रमांक मेलमध्ये घातला. पुण्याहून कंपनीचे टेक्निकल इंजिनिअर पाहणीला येतील असं उत्तर आलं. तोपर्यंत गाडीला कुणी पाना लावायचा नाही, हे दोन्ही बाजूंनी लिहून घेतलं. हे फार महत्त्वाचं आहे. आपल्या मिस्त्रींनी भल्या हेतूनं बोनेट उघडून काही खोललं, की पुढचा प्रत्येक बिघाड त्यांच्या नावावर जातो.

हेडलाइट: नकार बरोबर होता

मालकांचं गाव गगनबावड्याच्या वाटेला. पावसाळ्यात त्या रस्त्याला धुकं असं उतरतं की बोनेटच्या पुढचं दिसत नाही. मूळचे ६०/५५ वॅटचे हॅलोजन कमी पडतात म्हणून १००/९० चे बसवले. गरज खरी होती. (धुक्यात ढणढणीत लाइट उलटा डोळ्यावर येतो, हा वेगळा विषय, आणि असे बल्ब रस्त्यावरच्या वापरासाठी नसतात असं बहुधा त्यांच्या पाकिटावरच बारीक अक्षरात असतं.)

१२ व्होल्टला ६० वॅटचा बल्ब ५ अँपिअर ओढतो, १०० वॅटचा आठच्या वर. करंट पावणेदोनपटीलाही पोचत नाही, पण वायरमधली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट. म्हणून असे बल्ब लावायचेच असतील तर रिलेचं, म्हणजे विजेनं उघडझाप होणाऱ्या स्विचचं, वेगळं वायरिंग घालतात: बॅटरीवरून फ्यूजमधून जाड वायर थेट बल्बला, आणि गाडीची मूळ वायर फक्त रिले उघडझाप करायला. इथे ते केलेलं नव्हतं. वर डाव्या बाजूला त्याच वायरवर बंपरमधल्या एलईडी पट्टीचं टॅपिंग.

इंजिनिअरनी डाव्या हेडलाइटमागचा काळा टेप सोलायला घेतला आणि मालकांचा आवाज हळूहळू खाली आला. वायर मध्ये सोलून दुसरी तिच्याभोवती नुसती पिळलेली, ना सोल्डर, ना स्लीव्ह. तांब्याचे धागे हिरवे पडलेले, म्हणजे पाणी आत जाऊन महिने झालेले. बल्बच्या मागचा तीन पिनांचा कपलर मूळचा पांढरट, तो बिस्किटाच्या रंगाचा होऊन एका कोपऱ्यात वितळलेला. मग फ्यूज बॉक्स. झाकणाच्या आतल्या चित्रात त्या जागी १० अँपिअर, बसवलेला २०. एकदा फ्यूज उडाला असणार आणि ॲक्सेसरीवाल्यानं पुन्हा उडू नये म्हणून मोठा घातला. फ्यूज उडतो तो दुसरं काही जळू नये म्हणून, आणि इथे नेमकं ते दुसरं काही जळलं. या गाडीत हेडलाइट, इंडिकेटर, वायपर ही सगळी मंडळी बॉडी कंट्रोल मॉड्यूलमधून चालतात. पावसात जोड शॉर्ट झाला, २० चा फ्यूज शांत बसला आणि मॉड्यूलमधला तो भाग गेला. वर्कशॉपातला पोरगा मागून म्हणाला, "जाळ नि धूर संगटच." त्याला कुणी हसलं नाही.

"उजव्या बाजूला पण तोच बल्ब हाय की, तो कसा चालतोय?" मालकांनी विचारलं. उत्तर त्यांच्या विरुद्ध जाणारं होतं. उजव्या बाजूला टॅपिंग नव्हतं आणि फ्यूज मूळचा होता. म्हणजे नुसत्या बल्बानं मॉड्यूल गेलं नाही. जोड आणि फ्यूजनं गेलं. कारण आणि बिघाड यांची गाठ याहून स्पष्ट दिसणं अवघड. तिकडचा कपलरही तांबूस व्हायला लागला होताच.

मॉड्यूल, कपलर, वायरिंग, सगळं मालकांच्या खिशातून गेलं. मी त्यांना भांडू नका असंच सांगितलं. यात एकच आक्षेप घेतला: जॉबकार्डावर "बाहेरचे पार्ट्स" एवढंच न लिहिता फ्यूजचं रेटिंग, टॅपिंगची जागा आणि फोटो असं नीट नोंदवा. नकार बरोबर असला तरी तो नेमका असावा. मोघम नकाराचीच सवय लागते आणि मग तो एसीपर्यंत पसरतो.

एसी

यावर फार लिहिण्यासारखं नाही. टचस्क्रीन बसवताना डॅशबोर्ड उघडला, त्यात कुलिंग कॉइलला धक्का लागला असावा, असा शोरूमचा तर्क. म्युझिक सिस्टीमला मधलं पॅनेल निघतं. कुलिंग कॉइल त्याच्या मागे, खाली, बंद पेटीत असते आणि तिला हात लावायचा तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. अल्ट्राव्हायोलेट डाय, म्हणजे गळती दाखवणारा रंग, सोडून बघितलं, गळती कॉइलच्या कडेच्या जोडावर. ओरखडा नाही, पोचा नाही. पेटीचे स्क्रू कधीच न हललेले, त्यांच्यावरची कारखान्याची रंगाची खूण तशीच. कॉइल वॉरंटीत बदलून मिळाली. गॅसचे पैसे मात्र लावले, कन्झ्युमेबल म्हणून. कॉइलच्या दोषानं गॅस गेला तर त्याचे पैसे ग्राहकानं का द्यायचे हे मला आजही पटलेलं नाही, पण मालक तेव्हा टर्बोच्या चिंतेत होते, त्यांनी सोडून दिलं.

टर्बो, जो टर्बो नव्हता

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ऑइल कमी पडलं, घाण झालं किंवा चुकीच्या ग्रेडचं असलं तर आधी टर्बो मरतो, हे शोरूमचं म्हणणं तत्त्वतः खरं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, हेही खरं. वीस हजारांची सर्व्हिस बाहेर झाली, ऑइल-फिल्टर बाहेरचा, म्हणून टर्बो गेला. ऐकायला अगदी बिनतोड.

आधी कागद. पुस्तिकेत ऑइलचा ग्रेड होता: एसएई ५डब्ल्यू-३०, एपीआय एसपी. मिस्त्रींनी दिलेलं बिल असं: वहीतल्या पानावर "ऑइल सर्व्हिस", खाली रक्कम. ग्रेड नाही, किलोमीटर नाही, गाडीचा नंबर नाही. मिस्त्री स्वतः आले आणि म्हणाले, "आण्णा, मी चांगलंच ऑइल घातलंय, माझ्यावर इस्वास न्हाई काय?" विश्वास होता, पण तो जॉबकार्डाला पिन मारता येत नाही. शोरूमनं हे पान बघितलं आणि खुर्चीत मागे रेलून बसले. काम चांगलं आणि कागद कच्चा, या एका गोष्टीवर असे क्लेम सगळ्यात जास्त पडतात. निकृष्ट पार्टमुळे पडणारे त्यामानानं थोडेच.

वाचवलं ते मालकांच्या धंद्याच्या सवयीनं. ऑइल नि फिल्टर त्यांनी स्वतः दुकानातून आणून मिस्त्रींना दिले होते, आणि ते आणताना शॉपच्या नावानं जीएसटीचं बिल घेतलं होतं. त्यावर ऑइलचा पूर्ण ग्रेड, फिल्टरचा पार्ट नंबर, तारीख. गाडीचा नंबर नव्हता, नाव फर्मचं होतं, म्हणून शोरूमनं पुन्हा नाक मुरडलं. मग त्याच दिवशीची व्हील अलाइनमेंटची छापील स्लिप सापडली: गाडीचा नंबर, किलोमीटर १९,८००. दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि सर्व्हिस झाली, वेळेवर झाली, ग्रेडची झाली, हे मान्य झालं. ती स्लिप हाताला लागली नसती तर पुढचं काही घडलंच नसतं.

राहिला फिल्टर. सर्वांसमोर तो इंजिनावरून उतरवला आणि कापायचं ठरलं. वर्कशॉपात हॅकसॉ होता. मालक म्हणाले, थांबा. हॅकसॉनं कापला तर पत्र्याचा कीस आत पडणार आणि उद्या तोच इंजिनातला कीस म्हणून दाखवणार. सगळा लवाजमा उद्यमनगरात त्यांच्या शॉपवर आला. फिल्टर तीन जॉच्या चकात अलगद धरला, पार्टिंग टूलनं कडेच्या घडीजवळ हळू फिरवत पत्रा कागदाएवढा पातळ होईपर्यंत नेला, मशीन बंद, बाहेरचा कीस पुसून घेतला, आणि शेवटची साल पकडीनं सोलून काढली. आत एक कण नाही. भाच्यानं सुरुवातीपासून व्हिडिओ घेतला होता. इंजिनिअर लेथकडे ज्या नजरेनं बघत होते त्यावरून निम्मं काम तिथेच झालं असावं.

आतल्या कागदाच्या घड्या पंख्यासारख्या पसरल्या: कुठे फाटलेल्या नाहीत, शिवण सुटलेली नाही. गाडी बंद असताना ऑइल मागे वाहून जाऊ न देणारा रबरी व्हॉल्व्ह मऊ, कडा साबूत. फिल्टर तुंबला तर ऑइलला वळसा देणाऱ्या बायपास व्हॉल्व्हची स्प्रिंग जागेवर. घड्यांवरून चुंबक फिरवला तर बोटाला पुसट राखाडी लेप, एवढ्या किलोमीटरला असतो तितकाच. मग मालकांनी शोरूमकडून कंपनीच्या डब्यातला नवा फिल्टर विकत आणलेला होता, तोही चकात लावला. दोन्हींच्या आतल्या टोपीवर एकाच उत्पादकाची खूण. उद्यमनगरात याचं कुणाला नवल वाटलं नाही. या गावातून निघालेली कास्टिंगं कुणाच्या डब्यात जातात हे तिथल्या पोरांना पाठ असतं. तरी मी मालकांना अडवलं. कारखाना एक असला म्हणून बायपास व्हॉल्व्ह किती दाबाला उघडतो तेही एकच असेल असं नाही. टोपीवरची खूण पुरावा नव्हे. पुरावा होता तो न फाटलेला कागद आणि स्वच्छ चुंबक.

म्हणजे फिल्टर ठीक, ऑइल ठीक. मग धूर कशाचा? खरं तर हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा होता. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपात इंजिनिअरनी गाडी चालू ठेवली आणि शिट्टी वाजत असताना ऑइलची डिपस्टिक दोन बोटं वर ओढली. शिट्टी बंद. परत खाली दाबली, शिट्टी सुरू. दोनदा करून दाखवलं. मग ऑइल भरायच्या झाकणाला हात घातला, ते आतून ओढल्यासारखं घट्ट बसलेलं.

इंजिनातली वाफ इनटेककडे, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेकडे, मोजून सोडणारा एक व्हॉल्व्ह असतो, पीसीव्ही म्हणतात त्याला. त्यातला रबरी पडदा फाटला की इंजिनाच्या पोटात व्हॅक्यूम तयार होतो. मग फटीतून हवा शिट्टी मारत आत येते, न मोजलेल्या हवेनं मिश्रण बिघडून ओढ कमी होते, आणि ऑइल इनटेकमध्ये खेचलं जाऊन निळा धूर निघतो. तिन्ही लक्षणं एका फाटक्या पडद्याची. टर्बोचा पाइप काढून दांडा बोटानं हलवून बघितला, ढिला नव्हता. व्हॉल्व्ह हेड कव्हरमध्येच, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणातच, बसवलेला येतो, कारखान्यातून निघाल्यापासून त्याला कुणी हात लावलेला नव्हता. कव्हर वॉरंटीत बदललं. टर्बो आहे तोच आहे.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकतं ते हे. शोरूमच्या लोकांना डिपस्टिकची युक्ती माहीत नव्हती असं मी म्हणणार नाही. रोज गाड्या खोलतात ते. पण बाहेरचा फिल्टर दिसला आणि तपास तिथेच थांबला. ग्राहकानं पैसे दिले असते तर चांगला टर्बो काढून नवा बसला असता, आणि शिट्टी तशीच राहिली असती.

जिल्हा आयोगाकडे जायची वेळ आली नाही, तरी ती तयारी करून ठेवली होती. वस्तूसाठी ५० लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर तक्रार तिथे चालते, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती करावी लागते, आणि २०१९ च्या कायद्यानं ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी हेलपाटे घालावे लागत नाहीत. दहा ते वीस लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये. सदोष भागाची प्रयोगशाळेत तपासणी करून घेण्याचा अधिकार आयोगाला आहे, म्हणून हेडलाइटचा कपलर आणि कापलेला फिल्टर सीलबंद पाकिटात सह्यांसह ठेवला होता.

एक गोष्ट अजून लोंबकळत आहे. शोरूमच्या संगणकात या गाडीच्या नावापुढे "नॉन-जेन्युइन पार्ट्स" असा शेरा पडला तो पडलाच. मूळ वॉरंटी २०२६ च्या मार्चमध्ये संपते आणि मालकांना त्याआधी एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायची आहे. ती वेगळा करार असते, तिच्या अटीही वेगळ्या आणि बहुधा जास्त कडक. सर्व्हिस फक्त अधिकृत ठिकाणीच, अशी अट तिथे सर्रास असते. मालकांनी आधी संपूर्ण अटी मागितल्या आणि शेरा दुरुस्त करून "हेडलाइट वायरिंगपुरता" असं लिहून मागितलं आहे. अर्जाची पोच मिळाली आहे. मिस्त्री आता छापील बिलबुक वापरतात, त्यात किलोमीटरचा आणि ऑइलच्या ग्रेडचा रकाना आहे.